कार्बन फ्रेम घेतली तर आठ सेकंद मिळतील का?

पत्र

सर,

मी वीस वर्षांचा आहे आणि ट्रॅकवर सायकल चालवतो. चार किलोमीटरची वैयक्तिक परस्यूट (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी दोघं सुटतात आणि घड्याळाविरुद्ध चालवतात ती) ही माझी मुख्य शर्यत. २५० मीटरच्या ट्रॅकवर माझी सर्वांत चांगली वेळ पाच मिनिटं आठ सेकंद आहे, सरासरी साधारण ३३० वॅट. यंदा पाच मिनिटांच्या आत यायचंच असं ठरवलंय. माझी फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, गोल नळ्यांची आहे. क्लबमधले एक सीनिअर त्यांची कार्बन फ्रेम विकतायत, ती माझ्या फ्रेमपेक्षा सहाशे ग्रॅमने हलकी आहे. बरोबरची मुलं म्हणतात की अ‍ॅल्युमिनियम ताकद खातं, कार्बनवर बसलास की फरक लगेच कळेल. कोच म्हणतात, सायकल पळत नाही, पाय पळतात. पैसे वाया घालवू नकोस. आई तिच्या साठवलेल्या पैशांतून फ्रेम घेऊन द्यायला तयार आहे, म्हणून निर्णय चुकायला नको असं वाटतं. फ्रेम एक साइज मोठी आहे, पण आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावला की भागेल असं सीनिअर म्हणतात. ती एकदा पडली होती, वरवरचे ओरखडे आहेत. आणि माझ्या सध्याच्या फ्रेमवर, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकाशी, रंगात एक बारीक रेष दिसायला लागली आहे. त्याने काही होत नाही ना?

— एक परस्यूटवाला

उत्तर

प्रिय मित्रा,

तू शेवटी लिहिलेल्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यांत तातडीची आहे. ती रेष नीट तपासून होईपर्यंत त्या सायकलवर बसू नकोस. अ‍ॅल्युमिनियम थकतं. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने त्यात हळूहळू भेग तयार होते, आणि स्टीलसारखी ‘एवढ्या भाराखाली कितीही वापरा, काही होणार नाही’ अशी मर्यादा या धातूला नाही. सीट ट्यूबचं वरचं टोक ही भेग पडायची नेहमीची जागा आहे. सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, तिच्यावरच्या खुणेपेक्षा जास्त वर ओढलेली असेल तर धोका आणखी वाढतो. सीटपोस्ट काढ, आतून टॉर्चचा उजेड टाक, बाहेरून फडक्याने स्वच्छ पुसून भिंगाने बघ. रेष नळीला वळसा घालून जात असेल, किंवा वेल्डिंगच्या कडेने सरकत असेल, तर ती रंगाची नाही असंच धर. शंका उरली तर जिथे यंत्रांचे सुटे भाग तपासतात अशा वर्कशॉपमध्ये रंगीत द्रव लावून भेग शोधता येते, ती चाचणी करून घे. आणि भेग निघाली तर ती वेल्ड करून वापरायचा विचार करू नकोस. सायकलच्या फ्रेमसाठी वापरतात त्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णता देऊन मजबुती आणावी लागते. नुसता टाका मारला तर त्याच्या शेजारचा भाग मऊच राहतो.

आता तुझा मुख्य प्रश्न. फ्रेम कशाची आहे यावर तुझे आठ सेकंद अवलंबून नाहीत. फ्रेमचा आकार कसा आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे ती तुला कुठल्या पोझिशनमध्ये बसू देते, यावर त्यातले बरेचसे अवलंबून आहेत. त्यामुळे तुझे मित्र आणि तुझे कोच दोघेही अर्धे बरोबर आहेत. हे गणित करूनच दाखवतो, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

चार किलोमीटरला ३०८ सेकंद म्हणजे सरासरी ताशी पावणेसत्तेचाळीस किलोमीटर. तीनशे सेकंदांत यायचं तर ताशी अठ्ठेचाळीस. वेग वाढवायचा आहे फक्त २.७ टक्क्यांच्या आसपास. पण या वेगाला तुझ्या ताकदीतला जवळजवळ सगळा भाग, नव्वद टक्क्यांच्या घरात, हवा बाजूला सारण्यात जातो. आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २.७ टक्के वेगासाठी सुमारे आठ टक्के जास्त ताकद हवी. तुझ्या ३३० वॅटवर आणखी पंचवीस-सव्वीस. किंवा ताकद तेवढीच ठेवून हवेचा अडथळा साधारण आठ-नऊ टक्क्यांनी कमी करायचा. किंवा थोडं हे, थोडं ते.

सहाशे ग्रॅमचं काय होतं ते बघ. ट्रॅक सपाट, चढ नाही, ब्रेक नाहीत. जास्तीचं वजन तुला फक्त सुरुवातीला, शून्यावरून वेग घेताना, एकदाच ओढावं लागतं. सहाशे ग्रॅम वस्तू ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर वेगाला न्यायला पन्नासेक जूल ऊर्जा लागते. तुझे पाय सेकंदाला ३३० जूल देतात. म्हणजे पूर्ण शर्यतीत त्या सहाशे ग्रॅमची किंमत सेकंदाचा सहावा भाग, आणि स्टार्टला तू दुप्पट जोर लावतोस हे धरलं तर त्याहूनही कमी. आठ सेकंदांतला हा वाटा. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरलेलं आहे आणि ते ट्रॅकलाही लागू आहे, त्यामुळे अगदी वरच्या पातळीवरही हलकेपणाची शर्यत एका मर्यादेला थांबते. परस्यूटवाल्याने फ्रेम हातात उचलून बघणं आणि ‘किती हलकी आहे’ म्हणणं मला नेहमी चुकीच्या जागी लक्ष गेल्यासारखं वाटतं.

‘अ‍ॅल्युमिनियम ताकद खातं’ हे वाक्य तर प्रत्येक ट्रॅकच्या कडेला ऐकू येतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. पेडलवर जोर दिला की फ्रेम बाजूला वाकते हे खरं आहे. पण किती? तुझ्या ३३० वॅटला, मिनिटाला ११० फेऱ्यांच्या केडन्सवर, पेडलवरचा जोर शिखरावर चारशे न्यूटनच्या आसपास असेल, म्हणजे चाळीसेक किलो वजनाइतका. त्याने बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस बसतो तो फ्रेमचा भाग, दोन मिलिमीटर सरकला असं धरू. त्या वाकण्यात साठलेली ऊर्जा दर धक्क्याला ०.४ जूल. मिनिटाला २२० धक्के, म्हणजे सगळी मिळून दीड वॅटसुद्धा नाही. आणि ही ऊर्जा नाहीशी होत नाही. फ्रेम सरळ होताना तिच्यातली बरीचशी परत येते, कारण धातू काय आणि कार्बन काय, दोन्ही चांगले स्प्रिंगसारखे वागतात. अगदी सगळी वाया गेली असं मानलं तरी दीड वॅट. तुला हवेत पंचवीस.

दुसरी गंमत अशी की कुठला धातू ‘ताठ’ हा प्रश्नच फसवा आहे. स्टीलचा ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट, पण त्याची घनताही जवळपास तिप्पट. टायटॅनियम दोन्हींच्या मधे, घनतेतही आणि ताठपणातही, जवळजवळ त्याच प्रमाणात. म्हणजे किलोमागे ताठपणा काढला तर तिन्ही धातू एकाच रांगेत येऊन उभे राहतात. फरक पडतो तो नळीच्या आकाराने. वहीचा एक कागद आडवा धरला तर लगेच वाकतो, त्याचीच गुंडाळी केली की त्यावर पुस्तक पेलतं. पातळ नळीचा व्यास दुप्पट केला आणि जाडी तेवढीच ठेवली तर वजन दुप्पट होतं, ताठपणा मात्र आठपट. अ‍ॅल्युमिनियम हलकं असल्यामुळे त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करता येतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची ट्रॅक फ्रेम बहुधा बारीक नळ्यांच्या जुन्या स्टील फ्रेमपेक्षा ताठ असते. तुझी सध्याची फ्रेमही बहुधा तुझ्या पायांना पुरून उरेल एवढी ताठ आहे. तिच्यात भेग नसेल तर.

जपानमधली व्यावसायिक केइरिन, ही ट्रॅकवरची वेगाची शर्यत, बघ. १९४८ पासून चालू आहे, तिच्यावर पैजा लागतात, म्हणून सगळ्यांचं साहित्य सारखं राहावं यासाठी पुरुषांच्या शर्यतींत मंजुरीचा शिक्का असलेल्या स्टीलच्या फ्रेमच वापरतात. शेवटच्या दोनशे मीटरला ती मंडळी ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पोचतात. सगळे सारख्याच बारीक नळ्यांच्या स्टीलवर. स्टील ताकद खात असतं तर हे दृश्य दिसलं नसतं.

मग मोठ्या स्पर्धांत सगळे कार्बनवरच का असतात? कोचनी सांगितलेल्या गोष्टीची अडचण इथे सुरू होते, कारण सायकलने फरक पडतो, आणि बराच पडतो. कार्बनचा खरा गुण असा की तो साच्यात हवा तसा घडवता येतो. कुठे रुंद, कुठे पात्यासारखा पातळ, आणि धागे कुठल्या दिशेने घालायचे तेही ठरवता येतं, म्हणजे जिथे पीळ पडतो तिथेच ताठपणा देता येतो. गोल नळीमागे हवा भोवरे सोडते. तिच्याऐवजी मागे निमुळता होत जाणारा आकार दिला की ते भोवरे कमी होतात. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा क्रिस बोर्डमन, माइक बरोज यांनी रचलेल्या लोटसच्या अखंड कार्बन सायकलवर, चार हजार मीटर परस्यूट जिंकला, आणि अंतिम फेरीत त्याने प्रतिस्पर्ध्याला चक्क गाठलं. तेव्हापासून कार्बनचं नाव झालं ते झालंच. पण त्या सायकलचा फोटो नीट बघ. नजरेत भरतो तो तिचा आकार आणि त्यावर बोर्डमन कसा पाठ सपाट करून बसलाय ते.

पुढच्याच वर्षी, जुलै १९९३ मध्ये, ग्रॅम ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसाने नॉर्वेतल्या हामारला तासाचा विक्रम, म्हणजे एका तासात कापलेल्या सर्वाधिक अंतराचा, मोडला, ५१.५९६ किलोमीटर. सायकल त्याने स्वतः बनवलेली, स्टीलची, बेअरिंग धुलाई यंत्रातलं. त्याआधी हा विक्रम फ्रान्चेस्को मोझरचा होता, आणि त्याच्यामागे मोठी तयारी, डिस्क चाकं, समुद्रसपाटीपासून उंचावरची विरळ हवा असं सगळं होतं. ओब्रीने काय केलं? हात छातीखाली घडी करून घेतले. हवेसमोर येणारं अंग लहान केलं. ती पोझिशन इतकी परिणामकारक होती की दुसऱ्या वर्षी तिच्यावर बंदी घालावी लागली.

मला या विषयावर सगळ्यांत बोलकी वाटते ती बोर्डमनचीच पुढची गोष्ट. १९९६ मध्ये हात पुढे लांब ताणलेल्या पोझिशनमध्ये त्याने मँचेस्टरच्या ट्रॅकवर तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. नंतर नियम बदलले आणि जुन्या धर्तीची सायकल, वाकडं हँडल, तारांची चाकं असा वेगळा विक्रम ठरवला गेला. २००० साली त्याच ट्रॅकवर, त्याच माणसाने, त्या सायकलवर ४९.४४१ किलोमीटर केले. एडी मर्क्सच्या १९७२ मधल्या ४९.४३१ पेक्षा अवघे दहा मीटर जास्त. तो चार वर्षांनी मोठा झाला होता, कारकिर्दीच्या शेवटाला आला होता, हे खरं. तरी तासाला सात किलोमीटरचा फरक वयाने पडत नाही. ‘पाय पळतात’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक कोचपुढे हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत असे आहेत.

आणि ज्याला वाटतं की यातून कार्बनच सिद्ध होतो, त्याच्यासाठी २०२२ चा ऑक्टोबर. फिलिप्पो गान्नाने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखनला तासात ५६.७९२ किलोमीटर केले, बोर्डमनच्या ५६.३७५ च्याही पुढे. त्याची फ्रेम धातूची होती. स्कँडियम, अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, थ्रीडी प्रिंट केलेली. धातूला हवा तसा आकार देण्याची युक्ती सापडल्यावर, तासाच्या विक्रमाची सगळ्यांत वेगवान सायकल अ‍ॅल्युमिनियमच्याच घराण्यातली निघाली. तुझ्या मित्रांना हे जरूर सांग.

आता त्या विकाऊ फ्रेमकडे येतो. तू सहज लिहून गेलास की ती एक साइज मोठी आहे. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. मोठ्या साइजची हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) उंच असते, बहुधा दीड-दोन सेंटिमीटरने. म्हणजे तुझे एअरो बार (कोपर टेकवायचे पुढचे दांडे) आणि कोपर तेवढे वर जाणार. आखूड स्टेमने हँडल जवळ येतं, खाली येत नाही. आज तू कोपर जिथे टेकवतोस तिथे ते परत नेताच येणार नाहीत, आणि परस्यूटमध्ये हवेला अडवतोस तो तू. सायकल आणि तू मिळून जो अडथळा होतो त्यातला तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग तुझ्या अंगाचा असतो. फ्रेमचा सुंदर आकार जे वाचवेल ते तुझी वर आलेली छाती आणि खांदे घालवून बसतील. आखूड स्टेमने पुढच्या चाकावरचं वजन आणि हँडलचा स्वभावही बदलतो, आणि बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या वळणात, जिथे ताशी साठला अंगावर दीडपटीहून जास्त भार येतो, तिथे हे जाणवतं.

बऱ्याच कार्बन एअरो फ्रेमला स्वतःच्या खास आकाराची सीटपोस्ट लागते, कधी स्टेम आणि हँडलही. ते भाग त्याच मापात मिळतात. सीटपोस्ट कापलेली असेल, किंवा तुला हव्या मापाचा स्टेम आता निघतच नसेल, तर फ्रेम कितीही चांगली असो, ती तुझी होऊ शकत नाही. वापरलेली फ्रेम बघायला जाताना हे आधी विचारायचं असतं आणि जवळजवळ कुणी विचारत नाही.

राहिली पडल्याची गोष्ट. सीनिअर खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. ‘वरवरचे ओरखडे’ हे त्यांना डोळ्यांनी दिसतं तेवढं खरं आहे. धातू मार खाल्ला की पोचा दाखवतो, वाकतो. कार्बनमधले थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. नाण्याने हळूच ठोकत गेलं तर कधी कधी टणटण आवाजाच्या मधेच एखादी जागा बद्द वाजते, तो इशारा असतो. पण आवाज चांगला आला म्हणजे फ्रेम चांगली असा अर्थ काढायचा नाही. खात्री अल्ट्रासाउंडने होते, आणि तेही हे काम जाणणाऱ्या माणसाकडून. फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) बाहेर काढून त्याची वरची नळी आणि दोन पायांचा सांधा बघायचा. मागच्या चाकाचे नट जिथे आवळतात तिथे कार्बनमध्ये धातूचे तुकडे बसवलेले असतात, ते सैल झालेत का, कडेने बारीक फट आहे का, ते बघायचं. सीट क्लँपच्या जागी जास्त आवळल्याच्या भेगा नेहमी सापडतात. ट्रॅकवर ब्रेक नसतात, गिअर फिक्स्ड असतो (चाक फिरतंय तोवर पेडल थांबवता येत नाही), आणि बंच शर्यतीत तुझ्या मागे एक हातावर दुसरं चाक असतं. फोर्क तुटला तर तू एकटा पडत नाहीस.

हे कार्बनच्या विरोधात म्हणून सांगत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सांघिक परस्यूटच्या पात्रता फेरीत एका सायकलपटूचं हँडल भर वेगात तुटून हातात आलं आणि तो तोंडावर आपटला. ते हँडल टायटॅनियमचं होतं, ज्याला सगळे न तुटणारा धातू समजतात. कुठलंही साहित्य असो, ते किती भारासाठी रचलंय, कसं तपासलंय आणि नंतर त्याच्यावर काय काय बेतलंय, हे विचारावंच लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: ही फ्रेम घेऊ नकोस. सीनिअरना लवकर कळव, म्हणजे ती ज्याच्या मापाची आहे त्याला, नीट तपासून घेऊन, वापरता येईल.

रेष फक्त रंगातलीच निघाली, तर पुढचे काही आठवडे आहे त्या सायकलवर एक काम कर. ट्रॅक रिकामा असेल अशी वेळ माग. दुसरे सायकलपटू फिरत असले की ते हवा ढवळून टाकतात आणि सगळे आकडे फसवे येतात. त्याच दिवशी, तेच टायर, तीच हवा, तोच गिअर, तेच कपडे. आठ लॅप एकसारख्या वेगाने, पॉवर मीटरची सरासरी लिहून घे. मग एकच गोष्ट बदल. कोपर जरा जवळ आण, किंवा मनगटं थोडी वर घे (अनेकांचा वेग मनगटं वर घेतल्यावर वाढतो, तेव्हा ‘खाली म्हणजे वेगवान’ असं गृहीत धरू नकोस), किंवा डोकं खांद्यांच्या मधे ओढून घे. पुन्हा आठ लॅप. आणि मग पहिल्या मापावर परत येऊन पुन्हा आठ लॅप. ही तिसरी खेप कुणी करत नाही, आणि तिच्याशिवाय हॉलमधली हवा तापली म्हणून वेग वाढला की पोझिशनमुळे, हे सांगता येत नाही. गरम हवा विरळ असते, ती फुकटचे वॅट देते. मापं बदलताना नियमपुस्तकातल्या सध्याच्या मर्यादा बघून घे, त्या वरचेवर बदलत असतात.

एखाद्या मित्राला मोबाइल घेऊन सरळ भागाच्या टोकाला उभं कर आणि समोरून पूर्ण चार किलोमीटरचं चित्रण करून घे. पहिला किलोमीटर आणि शेवटचा किलोमीटर लागोपाठ बघ. शेवटच्या किलोमीटरला खांदे कानांपाशी आलेले, डोकं वर उचललेलं, गुडघे बाहेर पडलेले दिसतील, जवळजवळ सगळ्यांचेच दिसतात. पाच मिनिटं टिकत नाही अशी पोझिशन कागदावर कितीही वेगवान असली तरी तुझ्या कामाची नाही.

त्याच चित्रणात तुझं चाक वळणात काळ्या रेषेपासून (ट्रॅकची लांबी जिच्यावर मोजतात ती) किती वर चालतंय ते मोज. दर वळणाला वीस सेंटिमीटर वर राहिलास तर लॅपमागे जवळपास एक मीटर जास्त चालवतोस. सोळा लॅपला पंधरा मीटर, म्हणजे तुझ्या वेगाला सेकंदाहून अधिक. सहाशे ग्रॅमच्या कितीतरी पट. आणि हा सेकंद कुठल्याही दुकानात मिळत नाही, तो फक्त सरावाने मिळतो.

आई पैसे देणारच असेल तर आधी अंगाला घट्ट बसणारा, एकही सुरकुती न पडणारा स्किनसूट घे, आणि तुझ्या डोक्याच्या ठेवणीला जुळणारं एअरो हेल्मेट. हेल्मेट दुसऱ्याचं मागून, वरच्याच पद्धतीने तपासून मगच विकत घे, कारण एकाच हेल्मेटने एक जण वेगवान होतो आणि दुसरा हळू. मग टायर, आणि आत लेटेक्सची ट्यूब. चेन धुऊन मेणावर चालव. या सगळ्याला मिळून त्या फ्रेमपेक्षा जास्त सेकंद मिळतील असं मला मनापासून वाटतं.

रेष जर भेग निघाली, तर फ्रेम बदलावीच लागेल, आणि मग निवडताना साहित्याचा प्रश्न शेवटी विचार. आधी तुझ्या आजच्या पोझिशनची मापं कागदावर घे: बॉटम ब्रॅकेटपासून सीटपर्यंत, सीटच्या टोकापासून कोपर टेकतात तिथपर्यंत, आणि कोपर सीटपेक्षा किती खाली आहेत ते. ती मापं ज्या फ्रेमवर बसतात, आणि जमल्यास अजून एक-दोन सेंटिमीटर खाली जायला जागा उरते, अशीच फ्रेम बघ. अशांपैकी जिच्या नळ्या हवेच्या दृष्टीने चांगल्या आकाराच्या आहेत ती घे. ती अ‍ॅल्युमिनियमची असली तर बिनधास्त घे, कार्बनची असली तरीही. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरायचा विचार असेल तर फ्रेमवर मान्यतेचा स्टिकर आहे ना, तेवढं बघ.

एक अपवाद सांगायला हवा. तू कधी स्प्रिंटकडे किंवा टीम स्प्रिंटच्या पहिल्या लॅपकडे वळलास, तर वर ताठपणाबद्दल केलेलं गणित बदलतं. तिथे स्टार्टला पेडलवरचा जोर तुझ्या आजच्या जोराच्या तीन-चारपट असतो, आणि फ्रेममध्ये साठणारी ऊर्जा त्या जोराच्या वर्गाने वाढते. ओढताना हँडल आणि बॉटम ब्रॅकेट पिळले की सायकल रेषा सोडते, चेनही उडू शकते. स्प्रिंटर ताठ फ्रेम मागतात ते उगाच नाही. परस्यूटला ती चैन आहे.

कोचना हे पत्र दाखव आणि चाचणीच्या दिवशी त्यांनाच घड्याळ धरायला सांग. आकडे आले की मला पाठव: प्रत्येक खेपेची वेळ, वॅट, हॉलचं तापमान, आणि कोपरांची मापं. त्यावरून पुढे काय बदलायचं ते सांगता येईल.